मुंबईकर गोमंतकीयांची रंगभूमी आणि आपले देणे

परमुलखात जाऊन वसलेल्या समाजाच्या कलाजीवनाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा स्मरणिकांसाठी लिहिले जाते. आणि गौरव हा स्मरणिकेचा धर्मच असल्यामुळे त्यात परीक्षणाला जागा उरत नाही. मुंबईकर गोमंतकीयांनी मराठी रंगभूमीची केलेली सेवा हा असाच वारंवार गौरविलेला आणि क्वचितच तपासलेला विषय आहे. ही सेवा मोठी आहे यात वाद नाही. परंतु ती नेमकी कशात मोठी आहे, कोठे उणी पडली आणि ज्या गावांतून ती माणसे निघाली त्या गावांचा तिच्याशी आज काय संबंध उरला आहे, हे प्रश्न विचारल्यावाचून त्या सेवेची खरी किंमत होणार नाही. पेडण्या-डिचोलीच्या देवस्थानांभोवती वाढलेल्या आमच्या वाचकांना हा विषय परका नाही. आमच्या मोरजीत चवथीला माटोळी बांधताना ज्या घरातला एकही माणूस मुंबईत राहून आलेला नाही, असे घर शोधावेच लागेल.

प्रथम थोडे दूरचे उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंडमधील हजारो कुटुंबे अमेरिकेत गेली आणि त्यांतील फार मोठा भाग इलिनॉय राज्यातील शिकागो शहरात स्थिरावला. या लोकांनी तेथे आधी आपले देऊळ उभारले. संत स्तानिस्लाव कोस्तका यांच्या नावाची त्यांची धर्मसभा 1867 सालची आहे. त्या चर्चच्या आश्रयाने शाळा आल्या, मंडळे आली, हौशी नाटके आली. 1873 मध्ये त्यांचा कॅथलिक संघ आणि 1880 मध्ये राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुढे 1935 मध्ये या कॅथलिक संघाने आपल्या समाजाचे संग्रहालयही उभे केले. हा झाला समूहाचा मार्ग: आपली भाषा, आपला देव, आपली नाटके, आणि प्रेक्षकही आपलेच.

त्याच समाजातील एका नटीने दुसरा मार्ग धरला. हेलेना मोद्रझेयेवस्का ही पोलिश रंगभूमीवरची कीर्तिमान अभिनेत्री 1876 मध्ये कॅलिफोर्नियात आली. तिच्या मंडळींत पुढे नोबेल पारितोषिकाचा मान मिळविणारा कादंबरीकार हेन्रिक सेन्कीएविचही होता. शेती करून राहण्याचा त्यांचा बेत फसला, तेव्हा तिने इंग्रजी भाषा आत्मसात केली आणि 1877 मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या रंगमंचावर ती उभी राहिली. पुढे शेक्सपिअरच्या नायिका रंगविणारी श्रेष्ठ नटी म्हणून अमेरिकेने तिला मानले. समूहाने आपले जतन केले, नटीने नव्या मुलखाला काही दिले. यांपैकी कोणता मार्ग श्रेष्ठ, असा प्रश्न करण्यात अर्थ नाही; परंतु दोन्हींची किंमत वेगळी असते आणि ती कोणाला तरी मोजावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरी एक गत आहे, आणि तिचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे 5000 जण, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात येऊन कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. 1943 ते 1948 या काळात तेथे त्यांच्या शाळा चालल्या, चर्च होते, नाटके आणि उत्सव होत. मग ते निघून गेले. त्यांच्या जागी फाळणीत उजाड झालेले सिंधी बांधव आले आणि त्या छावणीचे गांधीनगर झाले. आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ आणि काही थडगी या त्या पाच वर्षांच्या दृश्य खुणा आहेत. त्या निर्वासितांना दोष कोण देईल? त्यांना परत जायचे होते, राहायचे नव्हते. परंतु जो समाज आपले सारे कलाजीवन परतण्याच्या आशेवर टांगून ठेवतो, त्याच्या नाटकांचा आवाज शेजारच्या गावालाही ऐकू जात नाही, हेही तितकेच खरे.

आता मुंबईकडे वळू. गोमंतकाची माणसे तेथे दोन वाटांनी आपली रंगभूमी घेऊन गेली. ख्रिस्ती गोमंतकीयांनी गावागावाच्या नावाने कूड उघडले. त्या जगात, एका इटालियन संगीतनाट्य मंडळीचे प्रयोग पाहून स्फुरण घेतलेल्या लुकासिन्यु रिबैरो यांनी 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत ‘इटालियन भुरगो’ हा कोकणीतील पहिला तियात्र सादर केला. परदेशी मंडळीचा साचा, मुंबईचा रंगमंच आणि घरची भाषा यांच्या संगमातून जन्मलेला हा प्रकार पुढे गोव्यात परतला, गावोगाव रुजला आणि आजही तिकिटे विकून जगतो आहे. परमुलखात निर्माण झालेली आणि स्वदेशी परत आलेली अशी कला विरळाच.

हिंदू गोमंतकीयांची वाट निराळी होती. कीर्तन, पोथी, आरती आणि उत्सवातले नाटक या सर्वांची भाषा मराठी असल्यामुळे मुंबईच्या मराठी रंगभूमीवर पाऊल ठेवताना त्यांना मोद्रझेयेवस्काप्रमाणे परकी भाषा शिकावी लागली नाही. ते पाहुणे म्हणून गेले नाहीत. देवळाच्या मंडपातून नाट्यगृहात गेले. गोमंतकात त्या वेळी पोर्तुगीज सत्ता होती, छापील शब्दावर पूर्वतपासणीचा पहारा होता, आणि मोकळेपणाने बोलायचे तर घाट ओलांडावा किंवा आगबोट गाठावी, अशी स्थिती होती. 1919 साली मुंबईत स्थापन झालेली ‘गोवा हिंदु असोसिएशन’ ही या समाजाची मूळची सामाजिक संस्था. तिचा कलाविभाग पुढे मराठी रंगभूमीच्या इतिहासात ज्या स्थानाला पोहोचला ते स्थान अनेक व्यावसायिक कंपन्यांनाही लाभले नाही.

या संस्थेची चार नाटके आम्ही परीक्षणासाठी समोर ठेवतो. 1962 साली वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक मास्टर दत्ताराम या गोमंतकीय नटाच्या दिग्दर्शनाखाली तिने रंगमंचावर आणले. त्यातील संभाजीने काशीनाथ घाणेकरांना घराघरांत पोहोचविले. 1964 मध्ये कानेटकरांचेच ‘मत्स्यगंधा’ आले आणि मंगेशीच्या पुजारी घराण्यातील जितेंद्र अभिषेकींनी त्याला दिलेल्या संगीताने थकत चाललेल्या संगीत नाटकाला नवा श्वास दिला. 1966 मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ पुन्हा अभिषेकींच्याच संगीताने उभे राहिले. आणि 1970 च्या डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली, डॉ. श्रीराम लागूंच्या भूमिकेने अविस्मरणीय ठरलेले शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले.

या चारही नाटकांत गोवा नाही, हे प्रथमदर्शनीच कोणाच्याही ध्यानात येईल. नाटककार नाशिकचे, कथा महाराष्ट्राच्या इतिहासातल्या, महाभारतातल्या, किंवा एका वृद्ध मराठी नटाच्या आयुष्यातल्या. म्हणून काही जण म्हणतात की ही केवळ निर्मितिसंस्था होती. तिच्या गोमंतकीयपणाचा कलेशी संबंध नाही. हे मत आम्हांला वरवरचे वाटते. विषयात गाव असले म्हणजेच कला त्या गावाची, असे मानले तर आमच्या कालोत्सवातील दशावतारही आमचा ठरणार नाही. कारण त्याची आख्यानेही पुराणांतलीच आहेत. संकासूर मात्र आमच्याच बोलीत थट्टा करतो आणि त्या थट्टेने आख्यान आमचे होते. कलेचा गाव कथेच्या स्थळावरून ओळखू नये. तिचे सूर आणि तिच्या चिंता यांवरून ओळखावा.

सुरांविषयी फार सांगण्याचे कारण नाही. देवळातील कीर्तन आणि भजन यांत ज्याचा कान घडला अशा संगीतकाराने रंगभूमीसाठी चाली बांधल्या, तेव्हा त्याने ख्यालाची दीर्घ बैठक नाटकाच्या मापात बसविली. पद प्रसंगाला थांबवून ठेवीत नाही, पुढे नेते. रामदास कामत आणि आशालता यांच्या गळ्यांतून ‘मत्स्यगंधा’ची पदे ऐकणाऱ्याला ही गोष्ट शास्त्र न जाणताही कळते. नदीकाठ, होडी आणि तर घालणारी मुलगी हा त्या नाटकाचा आरंभ. शापोऱ्याच्या मुखाशी होडीची वाट पाहिलेल्या आमच्या मोरजीकराला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चिंतांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. ही नाटके एकापुढे एक ठेवली की एक विलक्षण साम्य दिसते. ‘रायगडा’त पिता आणि पुत्र एकाच घरात असून एकमेकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. ‘मत्स्यगंधे’मागच्या महाभारतकथेत पित्याच्या सुखासाठी देवव्रत आपले राज्य आणि संसार दोन्ही सोडतो. ययातीच्या मूळ कथेत तर बाप मुलाचे तारुण्यच मागून घेतो. ‘नटसम्राटा’त हा हिशेब उलटा फिरतो: सारे काही मुलांना वाटून टाकलेला बाप शेवटी निवाऱ्यावाचून उरतो. मागच्या पिढीचे पुढच्या पिढीवर आणि पुढच्या पिढीचे मागच्या पिढीवर किती देणे असते, आणि ते फिटत नाही तेव्हा घराचे काय होते, हा एकच प्रश्न या चार नाटकांच्या तळाशी वाहतो आहे. निर्मात्यांनी नाटके निवडताना असा विचार जाणूनबुजून केला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या समाजाने घर मागे ठेवले, म्हातारी माणसे मागे ठेवली, 1955 नंतर सीमा बंद झाल्यावर जत्रेलाही येणे ज्याला दुर्घट झाले, त्या समाजाच्या संस्थेकडे हीच नाटके यावीत आणि तिच्या हातून हीच उत्तम उतरावीत, याला निव्वळ योगायोग म्हणणे आम्हांला जड जाते. गिरगावच्या चाळीतून नाटकाला आलेल्या गोमंतकीयाला रंगमंचावर आपला गाव दिसत नव्हता. पण आपले देणे दिसत होते.

आणि या संस्थेने ते देणे नाटकापुरते ठेवले नाही, ही गोष्ट तिच्या परीक्षणात वगळता येणार नाही. निवाऱ्यासाठी वणवण करणाऱ्या वृद्ध नटाचे नाटक जिने रंगमंचावर आणले, तिनेच रामकृष्ण नायक यांच्या पुढाकाराने फोंड्याजवळ बांदोडे येथे ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रम उभारला. कलेतील करुणा पडद्याबरोबर खाली येऊ नये, ती कोठेतरी विटांच्या भिंती होऊन उभी राहावी, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

एवढे मान्य करून उण्या बाजूकडे वळतो. पहिले उणे भाषेचे आहे. डिचोलीत 1877 साली जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकार, म्हणजे आपले शणै गोंयबाब, याच मुंबईत राहिले आणि 9 एप्रिल 1946 रोजी तेथेच वारले. ‘गोंयकारांची गोंयांभायली वसणूक’ हे त्यांचे 1928 सालचे पुस्तक आमच्या विषयाचे आद्य पुस्तक आहे. स्थलांतराची कथा स्थलांतरित माणसाने आपल्या बोलीत सांगावी, हाच मुळी त्यातला मोठा विचार. मोलिएरच्या प्रहसनांवरून त्यांनी कोकणीत नाटकेही रचली. फ्रेंच विनोद डिचोलीच्या बोलीत किती सहज बसतो हे त्यांनी दाखवून दिले. परंतु याच शहरात, याच समाजात, ज्या संघटनशक्तीने मराठी नाटकाला शिखरावर नेले त्या शक्तीचा तेवढाच वाटा कोकणी रंगमंचाला मिळाला नाही. ख्रिस्ती बांधवांचा तियात्र आणि हिंदूंचे मराठी नाटक यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोकणी नाटक बराच काळ पोरके उभे राहिले. मराठी आमच्या देवघराची भाषा आहे. तिची सेवा झाली याचा आम्हांला अभिमान आहे. पण देवघर उजळताना स्वयंपाकघरातला दिवा मालवावा लागतो असे कोठे आहे? या मासिकाची पाने दोन्ही भाषांची आहेत म्हणून हे बोलण्याचा आम्हांला अधिकार आहे आणि कर्तव्यही.

दुसरे उणे अधिक खोल आहे, आणि ते मुंबईकरांचे नाही. ते गावांचे, देवळांचे आणि आमचे आहे. मुंबईत गोमंतकाचे नाव सर्वांत उंच नेले ते कोणी? केरीत 1892 साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांनी, आणि कुर्डीत 1904 साली जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकरांनी. दोघीही उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या शिष्या. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी ती विद्या पुढच्या पिढीत नव्या वाटांनी नेली. 1977 मध्ये अमेरिकेने अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांतील सुवर्णतबकडीत मानवजातीच्या संगीताचे जे नमुने निवडले गेले, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि जुने रहिवासी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. गाव पाण्याखाली गेले. गावचे नाव मात्र एका गायिकेच्या आडनावात टिकले.

या स्त्रिया ज्या समाजातून आल्या त्या कलावंत समाजाची विद्या देवळांच्या आश्रयाने वाढली, हे आपण अभिमानाने सांगतो. वाक्याचा दुसरा भाग सांगताना आपला आवाज खाली येतो. देवळाने त्यांच्याकडून सेवा घेतली, पण मान दिला नाही. गाणे मंडपात हवे होते, गाणारीला मात्र गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले होते. त्या स्थितीविरुद्ध त्याच समाजातील राजाराम पैंगणकरांसारखे सुधारक उभे राहिले, ‘मी कोण?’ या त्यांच्या आत्मकथनाचे नावच एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न त्यांनी स्वतःला जेवढा विचारला तेवढाच आपल्यालाही विचारला आहे. मुंबईने या कलावतींना काय दिले, याचे उत्तर पैसा आणि कीर्ती एवढेच नाही. मुंबईने त्यांना तिकीट काढून समोर बसणारा श्रोता दिला, ज्याला त्यांच्या कुळाशी कर्तव्य नव्हते, फक्त सुरांशी होते. परमुलूख काही वेळा न्याय करतो, कारण त्याला आपली जुनी वही वाचता येत नाही. पोलिश शेतकऱ्यांना भाकरीसाठी अमेरिका गाठावी लागली. आमच्या श्रेष्ठ गायिकांच्या समाजाला प्रतिष्ठेसाठी मुंबई गाठावी लागली. या दोन स्थलांतरांतले दुसरे अधिक लाजिरवाणे आहे, कारण त्याचे कारण दुष्काळ नव्हता, आम्ही होतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे चार नाटकांतील देण्याघेण्याचा प्रश्न आपल्या दारात येऊन बसतो. मुंबईकरांनी गावाला काय दिले याची यादी प्रत्येक देवस्थानात संगमरवरी पाट्यांवर कोरलेली आहे: अमुक फरशी, अमुक समई, अमुक सभामंडप. गावाने त्यांच्या कलेपासून काय घेतले याची पाटी कोठेही नाही, कारण घेतलेले फारसे काही नाही. उत्सवाच्या रात्री मंडपात गावच्याच मुलांनी महिना महिना तालीम करून उभे केलेले नाटक ही आपल्या तालुक्याची जुनी मिरास. तिच्या जागी जेथे बाहेरून ठरवून आणलेला कार्यक्रम आला आहे, तेथे खर्च वाढला आहे आणि नट कमी झाले आहेत. मुंबईकराने पाठविलेल्या पैशातून मंडप भव्य झाला. त्या मंडपात काय व्हावे याचा विचार त्याने गावावर सोडला आणि गावाने तो कंत्राटदारावर सोडला.

येथे मोरजीची आजची स्थिती ध्यानात घेणे प्राप्त आहे. ज्या गावाने इतकी वर्षे माणसे बाहेर पाठविली, ते गेल्या दोन दशकांत स्वतःच परदेशी माणसांचे वसतिस्थान झाले आहे. किनाऱ्यावर सागरी कासवांच्या घरट्यांशेजारी रशियन लिपीतील पाट्या दिसतात. हिवाळ्यात आलेली कुटुंबे मुलाबाळांसह महिनोन् महिने राहतात. जमिनीचे भाव, कचरा, रात्रीचा गोंगाट याविषयी गावाच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. त्यांचा निवाडा ग्रामसभेत व्हावा. आमचा प्रश्न संस्कृतीचा आहे. ही माणसे आज वळिवड्याच्या पोलिश छावणीसारखी आहेत: जवळ, पण स्वतःपुरती. त्यांना आमच्या मंडपातला दशावतार कोणी समजावून सांगत नाही आणि त्यांचे नाटक-गाणे काय आहे हे आम्ही विचारीत नाही. दोघांमध्ये भाड्यापलीकडे व्यवहार नाही. एका इटालियन मंडळीकडे डोळे उघडून पाहणाऱ्या एका गोमंतकीयामुळे 1892 मध्ये तियात्र जन्मला, हे आठवले म्हणजे या निव्वळ भाड्याच्या शेजाराचे दारिद्र्य कळते.

म्हणून मुंबईकर गोमंतकीयांच्या रंगभूमीविषयी आमचा अभिप्राय असा: जतन आणि निर्मिती या दोन मार्गांपैकी तिने निर्मितीचा मार्ग धरला, आणि म्हणून ती वळिवड्याच्या नाटकांप्रमाणे विरून गेली नाही, साऱ्या महाराष्ट्राने तिला आपली मानले. भाषेच्या बाबतीत तिने अर्धेच काम केले. उरलेले अर्धे करण्यास आजही कोणी आडवे आलेले नाही. परंतु तिच्या यशावर मोठा हक्क सांगणारी आमची देवस्थाने या बाबतीत ऋणको आहेत, धनको नाहीत. ते ऋण फेडण्यास मोठा निधी लागत नाही. ज्या देवळाच्या मंडपात जी कलावती गायिली तिचे नाव त्या देवस्थानच्या इतिहासात, दात्यांच्या पाटीइतक्याच ठळक अक्षरांत लिहावे. उत्सवातील एक रात्र गावच्या मुलामुलींनी बसविलेल्या नाटकासाठी राखून ठेवावी, आणि ते मराठीत असावे की कोकणीत हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्या रात्री समोरच्या सतरंजीवर कोणाला बसता येईल, याविषयी मात्र कोणताही नियम नसावा.

श्रीमोरजाईच्या प्राकारात नाटकाची घंटा होते तेव्हा ती लाटांच्या आवाजावरही ऐकू येते. ती ऐकून मुंबईकर येतो, शेजारी येतो, आणि एखादे दिवशी किनाऱ्यावरचा परदेशी भाडेकरूही येईल. तो आला तर त्याला दाखविण्यासारखे आपले स्वतःचे काही आपण तयार ठेवले आहे काय, एवढेच महाजनांनी पुढच्या उत्सवाचा ठराव लिहिताना स्वतःस विचारावे.